हळहळीचा हिशेब

पश्चात्ताप आणि हळहळ हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांतला भेद मराठी माणसाला मनातून ठाऊक असतो. पश्चात्ताप पाप करणाऱ्याला होतो. हळहळ कोणालाही वाटते. दोन वाटा समोर असतात, बरी कोणती ते कळायला मार्ग नसतो, आपण एक धरतो, आणि पुष्कळ चालून गेल्यावर दुसरी जवळची होती असे कळते. ह्यात पाप कसले? तरीही मन चुटपुटत राहते. आम्हा कादंबरी लिहिणाऱ्यांचा तर सारा संसार ह्या चुटपुटीवर उभा आहे. नायिकेने दुसऱ्या स्थळाला होकार दिला असता तर, धाकट्या भावाची मुंबईची गाडी चुकली नसती तर — हा 'तर' काढून घेतला की आमच्या हाती काही उरत नाही.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला घरी आला होता. तो संगणकशास्त्र शिकतो. ओसरीवर पुस्तक उघडून बसला असता मध्येच हसून म्हणाला, "मामा, तुमच्या धंद्यातला शब्द आमच्या पुस्तकात आलाय बघा." शब्द होता 'रिग्रेट', आणि त्याच्या शेजारी बेरजेचे चिन्ह! हळहळीची बेरीज! गणिताशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबर सुटला. शाळेत मी मराठी शिकवतो. तरी त्या चिन्हाने मला स्वस्थ बसू दिले नाही. भाच्याला प्रश्न विचारून विचारून मी बेजार केले, त्याने आणून दिलेली पुस्तके अडखळत वाचली, आणि त्यातून जी हकीकत हाती लागली तिच्यात जुगाराची यंत्रे आहेत, सोन्याच्या खाणी आहेत, नाझींच्या तावडीतून निसटून अखेर आपल्या निलगिरीत मृत्यू पावलेला एक विद्वान आहे, आणि शेवटी काही तान्ही मुले आहेत. खरे सांगायचे तर त्या मुलांसाठीच मी हे लिहायला बसलो.

आरंभ १९३३ सालचा. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागात विल्यम थॉम्प्सन नावाचे एक संशोधक होते. 'बायोमेट्रिका' ह्या नियतकालिकात त्यांचा दहा पानांचा एक निबंध त्या वर्षी छापून आला. प्रश्न साधा होता. एका रोगावर दोन उपचार आहेत. कोणता चांगला ते ठाऊक नाही. थोड्या रोग्यांवर दोन्ही करून पाहिले आहेत आणि एक किंचित सरस दिसतो आहे. पुढच्या रोग्याला काय द्यावे? खात्री पटेपर्यंत निम्म्यांना हे आणि निम्म्यांना ते असे देत राहिलो, तर खात्री पटेल खरी, पण तोवर निम्मे रोगी वाईट उपचारावर खर्ची पडतील. उलट आत्ताच सरस दिसणाऱ्याच्या गळ्यात माळ घातली, तर कदाचित दैवयोगाने पुढे आलेल्या वाईटालाच आपण जन्मभर धरून बसू.

थॉम्प्सन ह्यांनी मधला मार्ग सुचवला, आणि तो इतका सरळ आहे की तो आधी कोणाला सुचला नाही ह्याचेच नवल वाटते. ते म्हणाले, आतापर्यंतच्या पुराव्यावरून पहिला उपचार दुसऱ्याहून चांगला असण्याची संभवनीयता काढा, आणि त्याच प्रमाणात रोगी वाटून द्या. समजा, पहिले औषध चौघांना दिले, तिघे बरे झाले. दुसरे दोघांना दिले, एक बरा झाला. आरंभी दोहोंविषयी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, सर्व शक्यता सारख्याच धरल्या होत्या, असे मानले तर पहिले सरस असण्याची संभवनीयता बरोबर पाच-सप्तमांश निघते. (हे भाच्याने मला कागदावर करून दाखवले. मला ते पुन्हा येईल अशी हमी नाही.) म्हणजे पुढचा रोगी आला की सात चिठ्ठ्या कराव्या, पाचांवर पहिले औषध, दोहोंवर दुसरे. चिठ्ठी निघेल ते द्यावे. गुण आला की नाही ते पाहून पुन्हा हिशेब, पुन्हा चिठ्ठ्या. पुरावा साठत जातो तसतसा वाईटाचा वाटा घटत जातो. पण तो शून्य कधीच होत नाही. ज्याच्यावर आपला विश्वास उरला नाही त्यालाही क्वचित एखादी संधी मिळत राहते.

ती संधी का ठेवायची, हे मला शाळेतल्या एका अनुभवावरून समजले. पुष्कळ वर्षांमागे, मी दुसऱ्या एका शाळेत असताना, दोन तुकड्यांना व्याकरण दोन तऱ्हांनी शिकवण्याचा मी घाट घातला. एका तुकडीला नेहमीप्रमाणे नियम पाठ, दुसरीला उतारे वाचून त्यांतून नियम शोधायचे. पहिल्या घटक चाचणीत दुसरी तुकडी मागे पडली. मुख्याध्यापकांनी भुवया उंचावल्या, मीही घाबरलो, आणि नवी तऱ्हा त्याच दिवशी बंद केली. त्यानंतर ती मी पुन्हा कधी वापरली नाही, म्हणून ती खरोखर वाईट होती की त्या चाचणीच्या वेळी त्या तुकडीतली निम्मी मुले तापाने उठून आलेली होती, हे कळण्याची वाटच बंद झाली. गणिताच्या भाषेत ह्याचा अर्थ असा की, एका चुकीची हळहळ प्रत्येक नव्या वर्गागणिक तेवढीच वाढत राहते, कारण टाकून दिलेल्या गोष्टीला आपली बाजू मांडायला परत बोलावतच नाहीत.

थॉम्प्सन ह्यांच्या निबंधाकडे पुढे कित्येक दशके कोणी फारसे लक्ष दिले नाही. हकीकत तिथे थांबते आणि दुसरीकडून सुरू होते.

आब्राहाम वॉल्ड हे ज्यू गणिती १९०२ साली तेव्हाच्या हंगेरीत जन्मले. व्हिएन्नात त्यांनी काम केले, आणि १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा ते अमेरिकेत निघून गेले. मागे राहिलेल्या त्यांच्या कुटुंबातील बहुतेकांना नाझींनी मारले. युद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांचे एक मंडळ लष्करासाठी काम करीत होते. तेथे १९४३ मध्ये वॉल्ड ह्यांच्यापुढे दारूगोळ्याच्या तपासणीचा प्रश्न आला. किती नमुने तपासायचे हे आधीच ठरवून का ठेवायचे? एकेक नमुना तपासत जावे, आणि पुरावा पुरेसा झाला की तिथेच थांबावे. आज हे सामान्य वाटेल. पण तोवर प्रयोग म्हणजे आधी आखायचा, पुरा करायचा, आणि मग उघडून पाहायचा, अशी रीत होती. वॉल्ड ह्यांनी प्रयोगाला चालता चालता डोळे दिले. ही रीत लष्कराला इतकी मोलाची वाटली की युद्ध संपत येईतो ती गुप्त ठेवण्यात आली.

ह्या ठिकाणी आपल्या देशाचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १९४७ साली ह्या विषयावर जो ग्रंथ वॉल्ड ह्यांनी प्रसिद्ध केला त्यात पूर्वसुरी म्हणून प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांचा उल्लेख आहे. बंगालमध्ये तागाची लागवड किती आहे हे अजमावताना महालनोबीस ह्यांनी एकदम मोठी पाहणी केली नाही. आधी लहान, तिच्यावरून शिकून जरा मोठी, मग त्याहून मोठी, असे टप्पे घेतले होते. १९५० साली वॉल्ड भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी इकडे आले. त्याच सालच्या १३ डिसेंबरला ते आणि त्यांची पत्नी ज्या विमानात होती ते निलगिरीच्या डोंगरात कोसळले. दोघेही गेली. वॉल्ड अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. निर्णयशास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला होता.

त्या ग्रंथाचा परामर्श घेताना १९५१ साली लेनर्ड सॅव्हेज ह्यांनी एक सूचना केली. निर्णय घेताना केवळ नुकसान किती झाले ते पाहू नका. खरी स्थिती ठाऊक असती तर जे उत्तम करता आले असते, त्याच्या मानाने किती कमी पडलो ते पाहा. ह्या उणेपणालाच पुढे 'रिग्रेट' म्हणू लागले. गंमत अशी की सॅव्हेज ह्यांना स्वतःला तो शब्द रुचला नव्हता. त्यात भावना फार, असे त्यांचे म्हणणे. शिवाय त्या शब्दामुळे असा समज होतो की ज्याचे नुकसान झाले त्याला ते कळतेच. वस्तुतः ते कळेलच असे नाही. ह्या मुद्द्यापाशी मी फार वेळ थांबलो. कादंबरीत लेखकाला दोन्ही वाटा दिसत असतात, म्हणून तो पात्रांना हळहळायला लावू शकतो. आयुष्यात दुसरी वाट कोणी चाललेलेच नसते. ज्या रोग्याला वाईट औषध मिळाले त्याच्या घरच्यांना 'देवाची इच्छा' एवढेच ठाऊक. हळहळ त्याच्या नावावर लिहिलेली असते, आणि ती वाचणारा कोणीच नसतो.

१९५२ साली हर्बर्ट रॉबिन्स ह्यांनी हा सारा प्रश्न दोन नाण्यांवर आणून ठेवला. 'व्हॉट इज मॅथेमॅटिक्स?' हे रिचर्ड कूरांट ह्यांच्यासह लिहिलेले पुस्तक ज्यांचे, तेच हे रॉबिन्स. दोन नाणी आहेत; छाप पडला की एक रुपया मिळतो म्हणा. दोहोंचे छाप पडण्याचे प्रमाण निराळे आहे, पण किती ते ठाऊक नाही. प्रत्येक वेळी एकच नाणे उडवायचे. आता एक सर्वज्ञ खेळाडू कल्पा, जो पहिल्यापासून चांगलेच नाणे उडवतो. त्याची कमाई वजा आपली कमाई, ही आपली हळहळ. रॉबिन्स ह्यांनी दाखवले की, एरवी सरस दिसेल ते नाणे उडवावे, पण काही ठराविक खेपांना, आणि ह्या खेपा उत्तरोत्तर विरळ होत जाव्यात, दोन्ही नाणी सक्तीने उडवून पाहावी. असे केले तर दर खेपेची सरासरी हळहळ शून्याकडे जाते. माझ्या व्याकरणाच्या तऱ्हेला अशी एक सक्तीची खेप मिळायला हवी होती.

प्रश्नाला नाव मात्र जुगाराच्या अड्ड्यावरून मिळाले. नाणे टाकून दांडा ओढायचा, चित्रे जुळली तर पैसे, अशी जी यंत्रे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली, त्यांना तिकडचे लोक 'एकहाती दरोडेखोर' म्हणत; एकच हात असतो आणि खिसा साफ करतो. दोन नाण्यांचा प्रश्न म्हणून 'दुहाती दरोडेखोर' झाला, आणि पुढे 'बहुहाती'. नाव विनोदी, प्रकरण मोठे चिवट. ब्रिटिश गणिती पीटर व्हिटल ह्यांनी नंतर सांगितले की, युद्धकाळात ह्या प्रश्नाने दोस्तांच्या विद्वानांची डोकी इतकी शिणवली की तो जर्मनीवर टाकून द्यावा, म्हणजे तिकडचेही कामातून जातील, अशी थट्टा होत असे. १९७० नंतरच्या दशकात जॉन गिटिन्स ह्यांनी एका विशिष्ट मांडणीत त्याचे अचूक उत्तर काढले. ते सुंदर आहे म्हणतात. मला ते पेलले नाही.

परंतु मला जे पेलले आणि पटले ते १९८५ सालचे. त्झे लुंग लाय ह्यांच्यासमवेत रॉबिन्स पुन्हा त्याच प्रश्नाकडे आले. ते आता सत्तरीत पोचले होते. तेहेतीस वर्षांपूर्वी त्यांनी सरासरी हळहळ विरून जाते असे दाखवले होते. आता प्रश्न असा की एकूण हळहळ किती? ती शून्य करता येईल काय? उत्तर आले की नाही, येणार नाही. कोणतीही चतुर रीत काढा. ती जर प्रत्येक परिस्थितीत चांगली ठरायची असेल, तर एका मर्यादेच्या खाली तिची हळहळ उतरणे शक्य नाही. (डोळे मिटून नेहमी डावेच नाणे उडवणाऱ्याला दैवाने शून्य हळहळ लाभेल, पण ती रीत नव्हे, नाणी अदलाबदल केली की तो बुडाला.) ती मर्यादा लॉगच्या चालीने वाढते. शाळेत आपण लॉगची कोष्टके चाळली आहेत, त्यांचा अर्थ मला पन्नाशीकडे झुकताना कळला. शंभर रोग्यांपर्यंत जेवढी हळहळ साठली असेल, तिच्या सुमारे निम्मी भर शंभरापासून हजारापर्यंत पडते. आणि हजारापासून दहा हजारांपर्यंतच्या त्या नऊ हजार रोग्यांत मिळूनही पुन्हा तेवढीच. म्हणजे ती थांबत नाही, पण तिचा वेग सारखा मंदावत जातो. आणि ह्यात आणखी एक खोच आहे. दोन उपचार एकमेकांच्या जितके जवळ, तितके त्यांना ओळखणे कठीण, तितकी मर्यादा वर. ढोबळ फरक लवकर उघडा पडतो; थोडासा फरक पुष्कळांचा बळी घेऊन कळतो.

ज्ञानाला किंमत पडते हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती किंमत ह्याहून कमी होऊच शकत नाही असे कोणी सिद्ध करून दाखवले, हे मी प्रथमच वाचले.

पुढचा भाग मी भराभर सांगतो. १९९० नंतर 'आशावादी' रीत पुढे आली. प्रत्येक पर्यायाच्या बाबतीत, पुराव्याला धरून तो जास्तीत जास्त किती चांगला असू शकेल ते काढावे, आणि ज्याची ही वरची हद्द सर्वांत उंच तो निवडावा. ज्याची पारख झाली नाही त्याची हद्द आपोआप उंच असते, म्हणून त्याला संधी मिळते. एक तर तो खरोखर चांगला निघतो, नाहीतर आपल्याला काही कळते. २००२ साली आउअर, चेझा-बियांकी आणि फिशर ह्या तिघांनी सिद्ध केले की ही रीत कोणत्याही मुदतीला लॉगचीच चाल राखते. मग मोबाइलवर कोणती बातमी वर दाखवायची, कोणती जाहिरात पुढे करायची, ह्यासाठी मोठ्या कंपन्या ह्या रीती वापरू लागल्या, आणि त्या शोधात कोणाच्या तरी हाती थॉम्प्सन ह्यांची जुनी दहा पाने पुन्हा लागली. २०११ साली याहूतील दोन संशोधकांनी ती चिठ्ठ्यांची रीत लावून पाहिली, तेव्हा ती नव्या रीतींच्या तोडीस तोड, किंबहुना सरस ठरली. २०१२ साली बंगळूरला मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेत शिप्रा अग्रवाल आणि नवीन गोयल ह्यांनी तिची हळहळही लॉगच्याच चालीने वाढते असे सिद्ध केले. एकोणऐंशी वर्षे! रोग्यांच्या काळजीने काढलेली युक्ती जाहिरातींच्या निमित्ताने वर आली. इतिहासाचे असले उलटे न्याय पाहून हसावे की नाही ते ठरत नाही.

नाणी दोनच असली तर ठीक. पर्याय अगणित असले तर? दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींवर डॅनी क्रिग नावाचे तरुण अभियंते होते. जमिनीत छिद्रे पाडून नमुने काढायचे आणि त्यांवरून आसपास सोने किती ते ठरवायचे, हे तिथले नित्याचे काम. प्रत्येक छिद्राला पैसा पडतो, आणि जागा तर पावलोपावली. क्रिग ह्यांच्या ध्यानात आले की फार भरघोस निघालेल्या नमुन्यावर विसंबून खोदलेला भाग त्या मानाने उणा निघतो. म्हणून एकट्या नमुन्यावर न जाता शेजारच्या नमुन्यांची जोड देऊन अंदाज बेताचा करायला हवा. १९५१ साली हे त्यांनी प्रबंधात मांडले. फ्रान्सच्या जॉर्ज माथरों ह्यांनी त्याला पक्के गणिती रूप दिले आणि क्रिग ह्यांचेच नाव लावले. न खोदलेल्या प्रत्येक जागेविषयी ह्या रीतीने दोन गोष्टी कळतात. तेथे किती सोने असावे, आणि आपल्या ह्या अंदाजावर भरवसा किती. १९६४ साली अमेरिकेत हॅरल्ड कुशनर ह्यांनी आणि पुढल्या दशकात सोव्हिएत अमलाखालील लिथुएनियात योनास मोत्स्कुस ह्यांनी ह्याच जातीच्या अंदाजाला प्रश्न जोडला, की मग पुढची चाचणी कोठे घ्यावी? जेथे आशा मोठी, किंवा जेथे अज्ञान मोठे. २०१० साली श्रीनिवास, क्राउझे, काकडे आणि झेगर ह्या चौघांनी दोन्ही प्रवाह एक केले आणि अशा शोधातल्या एकूण हळहळीलाही मर्यादा घालून दाखवली. झाकलेली भूमी जितकी सलग, हलक्या चढउतारांची, तितकी हळहळ कमी. जितकी खडबडीत, पावलोपावली बदलणारी, तितकी जास्त.

इथवर सारे नाण्यांचे, सोन्याचे, बातम्यांचे झाले. थॉम्प्सन ह्यांचा रोगी कोठे गेला?

काही बालके पुऱ्या दिवसांची, चांगल्या वजनाची जन्मतात, पण त्यांची फुप्फुसे काम करीत नाहीत. पूर्वी त्यांना कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवीत, आणि त्यांतली पुष्कळ दगावत. अमेरिकेत रॉबर्ट बार्टलेट ह्या शल्यविशारदांनी एक यंत्र नवजात बालकांसाठी वापरायला घेतले. शरीरातील रक्त नळीने बाहेर काढायचे, त्यात प्राणवायू मिसळायचा, आणि ते उबदार करून परत आत सोडायचे. तोवर फुप्फुसांना विश्रांती. ह्याला एक्मो म्हणतात. १९७५ साली कॅलिफोर्नियात ह्या यंत्रावर त्यांचे पहिले नवजात बालक वाचले. पुढे मिशिगन विद्यापीठात त्यांनी आणखी पुष्कळ वाचवली, तरी जगाचे म्हणणे असे की, जुन्या उपचाराशी तुलना करून दाखवा. बार्टलेट पेचात पडले. नव्याने बालके जगतात असे दिसत असता निम्म्यांना जुन्यावर कसे ठेवायचे?

त्यांनी थॉम्प्सन ह्यांच्या रीतीची बहीण शोभेल अशी एक रीत घेतली. एका घटात दोन चेंडू कल्पायचे, एक नव्याचा आणि एक जुन्याचा. बालक आले की एक चेंडू काढायचा, निघेल तो उपचार करायचा, चेंडू परत टाकायचा. उपचार फळला तर त्याच्याच नावाचा आणखी एक चेंडू घटात घालायचा. फसला तर दुसऱ्याच्या नावाचा. जिंकणाऱ्याकडे पारडे आपोआप झुकत जाते. प्रयोग सुरू झाला. पहिल्या बालकाला एक्मो आला, ते जगले. दुसऱ्याला जुना उपचार आला, ते गेले. त्यापुढच्या दहाही बालकांना एक्मो आला, आणि दहाही जगली. १९८५ साली हा निकाल छापून आला. लाय आणि रॉबिन्स ह्यांचा सिद्धान्त त्याच सालचा.

हळहळीच्या हिशेबाने पाहिले तर ह्याहून स्वस्त प्रयोग विरळा. बारा बालकांत एकच जुन्या वाटेला गेले. आणि नेमके हेच वैगुण्य ठरले. टीकाकार म्हणाले, एका बालकावरून काय सिद्ध होते? ते जास्त आजारी असेल, दैव खोटे असेल. वैद्यकाला पटले नाही. बॉस्टनला १९८६ मध्ये पुन्हा प्रयोग मांडावा लागला. एका बाजूला चार मृत्यू होताच चिठ्ठ्या थांबवायच्या, असा नियम केला. जुन्या उपचाराच्या दहा बालकांत चार गेली, एक्मोच्या नऊपैकी एकही नाही. नंतरच्या वीसांना एक्मोच दिला, एकोणीस वाचली. ह्याही वेळी दोन्हीकडून ओरड झाली. कोणी म्हणाले, ती चार बालके मुळी जायलाच नको होती. कोणी म्हणाले, पुरावा अजून तोकडाच आहे. ज्या मुलांना जुना उपचार मिळाला त्यांच्या आईबापांना प्रयोगाची कल्पना दिली नव्हती, ह्यावरूनही वाद झाला. अखेर ब्रिटनमध्ये १९९३ साली थेट निम्मी-निम्मी वाटणी करून मोठा प्रयोग सुरू झाला, आणि फरक इतका स्पष्ट दिसू लागला की १९९५ च्या नोव्हेंबरात तो मुदतीआधीच थांबवला. एकूण १८५ बालके. एक्मोकडे पाठवलेल्या ९३ पैकी ३० गेली. जुन्यावर ठेवलेल्या ९२ पैकी ५४. ह्यानंतर मात्र कोणी शंका काढली नाही.

मी कागद घेऊन वजाबाकी केली. त्या ९२ जणांनाही एक्मो मिळता तर, त्याच प्रमाणाने, तीसएक गेली असती. चोपन्नातून तीस गेले, चोवीस उरले. हळहळ चोवीस. हा आकडा त्या निबंधात कोठे छापलेला नाही. वजाबाकी माझी आहे. आणि ती करून झाल्यावर मला त्या ब्रिटिश डॉक्टरांना दोषही देता येईना, कारण तिकडे ही यंत्रे मोजक्याच रुग्णालयांत होती, आणि प्रयोग झाला नसता तर बाकीची बालके वर्षानुवर्षे जुन्यावरच राहिली असती. मिशिगनने आपल्या बारा बालकांपुरती हळहळ वाचवली. पण त्यामुळे जे अर्धवट राहिले ते आधी बॉस्टनच्या आणि मग ब्रिटनच्या बालकांना भरावे लागले. २००९ साली ब्यूबेक, म्यूनोस आणि स्टॉल्त्स ह्यांनी हीच गोष्ट गणिताने दाखवली आहे. चालता चालता हळहळ जितकी कमी कराल, तितका शेवटी 'चांगले कोणते' हा निवाडा कच्चा राहतो. दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत. तेव्हा प्रश्न असा की वहीत नावे कोणाची मांडायची, प्रयोगाच्या दारात आलेल्यांची की अजून न जन्मलेल्यांची. ह्याचे उत्तर सूत्रात नाही; आकडा टाकण्याआधी कोणीतरी माणसाने ते ठरवायचे असते. बार्टलेट ह्यांनी एक ठरवले, ब्रिटिशांनी दुसरे. त्यांतले चूक कोणाचे हे मला अजून सांगता येत नाही, आणि माझे मन मिशिगनकडे ओढते हे मी लपवणार नाही.

भाचा जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेला. जाण्याच्या आदल्या रात्री मी त्याला मिशिगनच्या त्या दुसऱ्या बालकाविषयी विचारले. त्याने पुस्तक न उघडता बोटांवरच हिशेब केला. "पहिलं बाळ यंत्रावर जगलं ना, मामा, म्हणजे एक चेंडू वाढला. दुसऱ्याच्या वेळी घटात तीन चेंडू होते. दोन यंत्राचे, एक जुन्याचा." मग जरा थांबून म्हणाला, "एकच होता जुन्याचा."

आतून ताईने जेवायला हाक मारली, तेव्हा आम्ही उठलो.